मलमाच्या पेटीवरची आई

मी, खाली सही करणारा, वय सव्वीस, काम पुठ्ठ्याच्या पेट्या कापण्याच्या मशीनवर, हल्ली गोदामात, शिक्षण सहावी अर्धी, हे मृत्युपत्र माझ्या हाताने लिहीत आहे. डोकं ठिकाणावर आहे, कुणी धाक घातलेला नाही. उद्या माझ्या छातीचं ऑपरेशन आहे. "वाचेन ना?" असं विचारलं तर डॉक्टर म्हणाले, "घरच्यांना बोलावून घ्या." काय ते कळलं. घर दोन दिवसांच्या वाटेवर आहे, म्हणून हा कागद. याआधीचं मृत्युपत्र रद्द, असं लिहायची रीत आहे म्हणे. याआधी माझ्याकडे मरण्यासारखंसुद्धा काही नव्हतं.

१. घरातला माझा हिस्सा, म्हणजे मागची खोली, ताईला द्यावी. मी चौदाव्या वर्षी घर सोडलं, पाच गावं आणि सात कामं बदलली. आई म्हणायची, "याच्या पायाला भिंगरी आहे. याला खोली कशाला, खुंटी पुरे." ती खुंटी मात्र उपटू नये.

२. बँकेत जे असेल त्यातून आधी बाबांच्या डोळ्यांचं बघावं. उरेल ते भाचीच्या शाळेला. भाऊजींनी हात लावू नये. भाऊजी, राग मानू नका, पण तुमचे मोटारसायकलचे शौक आम्हाला पाठ आहेत.

३. माझा कटर आणि पोलादी पट्टी इथल्या भाड्याच्या खोलीतल्या लंबूला. माझी चादर तो दोन वर्षं वापरतोच आहे, तीही त्याचीच समजावी. धुवावी एकदा.

४. आता खरी इस्टेट. आईचा फोटो. एकच आहे, पाकिटात, प्लास्टिकखाली. माझ्या पहिल्या फोनवर मीच काढलेला. आईचा समोरचा एक दात पडलेला होता, म्हणून हसू आलं की तिचा हात तोंडावर जायचा. फोटोतही गेला. डोळे हसतायत, कपाळ हसतंय आणि खाली नुसती चार बोटं. तो फोन पुढे पाण्यात पडला, आणि आई गेली तेव्हा मी तिसऱ्या गावात होतो. पोचलो तर सगळं उरकलं होतं. हा छापील तुकडा तेवढा राहिला.

हा फोटो ताईला द्यावा. पण तो मी कसा नासवला, ते आधी लिहितो, कारण ताईला अर्धंच माहीत आहे.

गेल्या वर्षी कारखान्यात गुडघ्याच्या मलमाच्या पेटीचं काम आलं. मालकाला पेटीवर आई पाहिजे होती, दुखणं पळालेली. वरच्या थंड खोलीतला डिझायनर मशीनला सांगून चित्रं काढतो. हाताने रेघ नाही, रंग नाही. त्याच्या सगळ्या आया गुळगुळीत येत होत्या. तो खाली आमच्यात आला. म्हणाला, "कुणाकडे आईचा फोटो आहे का रे? खरीखुरी, कष्टाची वाटली पाहिजे."

मी पाकीट काढलं. कुणी मागून ढकललं नव्हतं. जन्मभर गुडघ्यांवर बसून दुसऱ्यांच्या फरशा पुसलेली माझी आई गुडघ्याच्या मलमावर येणार, याचा मला अभिमान वाटला. छाती फुगली. तीच ही छाती.

डिझायनर म्हणाला, "हात काढू या. तोंड लागेल."

"हाताखालचं तोंड मशीनला काय माहीत?"

"माहीत कशाला पाहिजे? बनवेल ना."

मशीनने चार तोंडं बनवली. चारही दातांनी गच्च. तो म्हणाला, "तूच निवड, तुझी आई आहे." मी तिसरं निवडलं. हो ताई, मीच. तुला सांगितलं की त्यांनी केलं. ते खोटं. मग त्याने एक कागद पुढे केला. सही करता येते याचा मला फार तोरा, झोकात केली. वाचला नाही. बदल्यात मलमाची एक पेटी मिळाली, ती घरी पाठवली.

पुढे सहा महिने ती आई माझ्याच मशीनखालून गेली. पुठ्ठ्याच्या एका तावावर आठ-आठ आया. कापायच्या, घडी पाडायची, ढीग लावायचा. दिवसाला हजारो तोंडं, सगळी तिसऱ्या नंबरची. एक दिवस जेवणाच्या सुट्टीत डोळे मिटले आणि आईला आठवायला गेलो, तर हात तोंडावरून खाली आला आणि आत ते दात. तेव्हापासून तेच. खरी आई हसते कशी, ते माझ्याकडून पुसलं गेलं.

मी मालकाकडे गेलो. म्हटलं, "पेटीवरून माझ्या आईला काढा."

मालक हसला. "कुणाची आई? ही बाई जन्मालाच आलेली नाही. मशीनने बनवली."

"मग माझी सही कशाला घेतली?"

दुसऱ्या दिवशी मला गोदामात टाकलं, ओझी उचलायला.

५. ती सही मी या कागदाने मागे घेत आहे. वॉर्डातला कारकून म्हणतो, असं होत नसतं. तरी लिहितो, लिहायला काय जातंय. आणि माझा कुठलाही फोटो, मेल्यावर, कुठल्याही मशीनला देऊ नये. मला हसतं करू नये.

६. बाबांकडे जी पेटी आहे ती बाबांकडेच राहू द्यावी. ते ती नाकाला लावून बघतात. गेल्या आठवड्यात फोनवर मी विचारलं, "बाबा, आईचा कुठला दात पडला होता?" म्हणाले, "कुठला दात? सगळे होते की! हे बघ ना." तीस वर्षं संसार केलेला माणूस. मी फोन ठेवला. त्यांच्याकडून काढून घेऊ नका, त्यांच्याकडे आता दुसरी नाही.

७. ताई. पेटी घरी आली तेव्हा तू बघायलाच नकार दिलास. "परक्या बाईला आई म्हणायची मला हौस नाही," म्हणालीस आणि माझ्याशी बोलणं टाकलंस. भाऊजी सांगतात, औषधाच्या दुकानावरून जाताना तू मान खाली घालतेस. मी वर्षभर तुझ्यावर दात धरून होतो. आता कळतंय, आमच्या घरात आई फक्त तुझ्या डोक्यात शिल्लक आहे. तेवढी सांभाळ. मान वर करू नकोस.

मी जिवंत राहिलो तरी हे कलम लागू आहे. खाली एक ओळ मोकळी सोडली आहे. ती ताईने स्वतःच्या हाताने भरावी. मला डावीकडचा वाटतो, पण माझ्यावर विश्वास ठेवू नये.

आईचा पडलेला दात, वरचा की खालचा, डावा की उजवा: ……………………………

साक्षीदार पहिला: लंबू, खोलीतला सोबती (सही)
साक्षीदार दुसरी: वॉर्डातली रात्रपाळीची नर्स (सही)

ठिकाण: खाट नंबर अकरा, खिडकीकडची
दिनांक: ऑपरेशनच्या आदला दिवस, मंगळवार

सही (या वेळी वाचून केली आहे)