सगळ्यांना निळी थीम

प्रिय चिमणे,

माझं अक्षर बघून आधी दचकशील. फोन केला असता, पण तुझा फोन हल्ली तुझ्यापेक्षा दुसऱ्याच्याच हातात जास्त असतो, म्हणून कागद घेतला. आई बरी आहे. गुडघे कुरकुरतात, पण तोंड त्याहून जास्त चालतं. धड नाहीये तो मीच. तीन आठवडे झाले, वर्गात जातो, संगणक सुरू करतो आणि मुलांसमोर नुसता उभा राहतो.

सातवीला मी स्लाइड बनवायला शिकवतो, हे तुला ठाऊक आहे. बॅकग्राउंड कसं बदलायचं, थीम कशी निवडायची, आपल्या आवडीचे रंग कसे लावायचे. मुलांचा हा धडा जीव की प्राण. कुणी मागे मांजराचा फोटो लावतं आणि वर लिहिलेलं सगळं मिशांत हरवतं, कुणी लालावर हिरवं लिहून माझे डोळे फोडतं. माझं पालुपद मात्र ठरलेलं: नटवा हवं तेवढं, पण अक्षर दिसलं पाहिजे.

यंदा खिडकीजवळच्या रांगेत एक मुलगी होती. शिक्षकांच्या खोलीत तिला आम्ही मुंगी म्हणायचो, कारण ती कधी आली, कधी गेली, कळायचं नाही. त्या तासाला तिने हात वर केला. वर्षातला पहिलाच प्रश्न. "सर, पांढऱ्यावर पांढऱ्या रंगात लिहिलं, तर ते असतं का?" मला हसू आलं. म्हटलं, "असतं की! पण दिसणारच नाही तर लिहायचं कशाला?" वर्गही खो खो हसला. ती खाली बसली.

विषय होता सूर्यमाला. मुंगीने नऊ स्लाइड केल्या, सगळ्या पांढऱ्याफटक. पहिल्या स्लाइडच्या कोपऱ्यात सूर्य, बाकीच्यांवर एकेक ग्रह, वर दोन ओळी माहिती, खाली अर्धी जागा मोकळी. फाइल देताना हळूच म्हणाली, "सर, एकटे असाल तेव्हा बघाल?" मी हो म्हटलं. चिमणे, मी खरंच हो म्हटलं. महिनाभराने फाइल उघडली, 'फार रिकामं वाटतंय, रंग भर' असा शेरा मारला आणि मिटवली. चौतीस फाइल होत्या, एवढंच काय ते माझं कारण. आता ते कुणाला सांगायलाही लाज वाटते.

मग पालकांचा दिवस आला. मुख्याध्यापिकाबाईंना सगळं एकसारखं, नीटनेटकं हवं होतं. मी चौतीस फाइल एकात एक जोडल्या आणि सगळ्यांना एकच गडद निळी थीम लावली. एका क्लिकचं काम. काळी अक्षरं आपोआप पांढरी होतात, त्यामुळे ती चिंता नव्हती. पहिल्या चार-पाच स्लाइड पाहिल्या. फक्कड दिसत होत्या. माझी मलाच शाबासकी दिली.

सकाळी दहाला सभागृह भरलं. एकेक मूल पडद्याशेजारी उभं राहून आपलं वाचून दाखवत होतं. मुंगीची पाळी आली. पाठ पडद्याकडे, हातात कागद, आवाज जेमतेम पुढच्या रांगेपर्यंत. शनीची कडी कशाची असतात ते ती सांगत होती, आणि पुढच्या रांगेतल्या एका बाईंनी तोंडावर हात ठेवला. मी वळून पाहिलं. शनीच्या खाली, निळ्यावर पांढरंशुभ्र, तारीख घालून लिहिलेलं होतं: "काल बाबांनी आईचं डोकं कपाटावर आपटलं. आई म्हणाली, कुणी विचारलं तर बाथरूममध्ये घसरले असं सांग."

मी संगणकाकडे धावलो. धांदलीत भलतंच बटण दाबलं गेलं आणि पुढची स्लाइड आली. तिच्यावरही तारीख होती, तिच्यावरही मजकूर होता. शेवटी मी प्रोजेक्टरची वायरच उपसली. तिसऱ्या रांगेतून तिचे वडील उठले. चांगले इस्त्रीच्या शर्टातले, हसतमुख. "आमच्या बाईसाहेबांना गोष्टी रचायचा भारी नाद," असं म्हणाले आणि तिचं मनगट धरलं. एक-दोघं हसलेसुद्धा. तिची आई मांडीवरच्या पर्सकडे बघत राहिली. जाताना मुंगीने माझ्याकडे पाहिलं. रागाने पाहिलं असतं तर मी सोसलं असतं. ती नुसतं विचारत होती, की सर, हे असं का केलंत?

मुख्याध्यापिकाबाईंनी त्याच दुपारी बालकल्याणवाल्यांना कळवलं. माणसं तिसऱ्या दिवशी गेली. दाराला कुलूप. शेजारच्या बाई म्हणाल्या, कालच टेम्पोत सामान भरून गेले, कुठे ते सांगितलं नाही. पोलिसांनी फाइलची प्रत घेतली, शोधतो म्हणाले. मी रोज जाऊन विचारतो, आता तर मला बघितलं की तिथला हवालदार आधीच मान हलवतो. सहकारी समजावतात, तुमची काय चूक, तुम्हाला काय माहीत. मला माहीत व्हावं म्हणूनच तर तिने लिहिलं होतं ना? नंतर मी नऊच्या नऊ स्लाइड वाचल्या. शेवटच्या स्लाइडवर, नेपच्यूनच्या खाली, एकच ओळ होती: "सरांना कळलं की ते काहीतरी करतील."

ती ओळ वाचल्यापासून मला तुझ्याशिवाय काही सुचत नाही. तीन वर्षांपूर्वी हात गळ्यात बांधून, एक पिशवी घेऊन तू दारात उभी राहिलीस. जिन्यावरून पडले म्हणालीस. तुझ्या दंडावर चार बोटं उमटली होती, चिमणे, आणि मी ती पाहिली होती. तरी चौथ्या दिवशी मीच तुला परत सासरी नेऊन सोडलं. वाटेत शहाणपणाने म्हणालो, भांड्याला भांडं लागायचंच. तू खिडकीबाहेर बघत होतीस. माफी मागायला मला तोंड नाही, ती मागायला हे लिहीतही नाही. हे पत्र तू काम करतेस त्या चष्म्याच्या दुकानाच्या पत्त्यावर, मालकीणबाईंच्या नावाने पाठवतोय. त्यांच्याशी बोललोय, तुझ्या हातात त्याच देतील. वाचून तिथेच फाडून टाक. येत्या शनिवारी दुकान उघडल्यापासून मी समोरच्या फुटपाथवर उभा असेन. काही आणू नकोस, काही सांगू नकोस, नुसती रस्ता ओलांडून ये. नाही आलीस तर त्याच्या पुढच्या शनिवारी येईन, आणि त्याच्याही पुढच्या. तुझा माझ्यावर विश्वास उरला नसेल, याची मला जवळजवळ खात्री आहे. तरी उभा राहणार आहे.

तुझाच,
फार उशिरा शहाणा झालेला
दादा