एकतीस इंचांची बाही

प्रिय ताईस,

धाकट्याचा वाकून नमस्कार (शिलाई मशीनवर बसून पाठ धरलीय, त्यामुळे जेमतेमच वाकून). तुझा गुडघा कसा आहे? भाऊजींचा खोकला? आणि तुझ्या कपाटात, चादरींच्या खाली, माझा फोन बरा आहे ना? सहज विचारतोय.

तू तो घेऊन गेलीस त्याला तेवीस दिवस झाले. मी पाया पडलो तरी देऊ नकोस, असं मीच बजावलं होतं, मान्य आहे. पण तेव्हा मी भेदरलेलो होतो. आमच्या दुकानाची रीत तुला ठाऊक आहे: मी टेप लावून माप ओरडायचं आणि तुझ्या भावजयीने ते वहीत लिहायचं. मुख्याध्यापकांच्या कोटाच्या वेळी माझा एक डोळा फोनमधल्या खेळावर होता, आणि बाहीचं माप म्हणून मी खेळातली पातळीच ओरडलो. एकतीस! तिने लिहिलं (विश्वासाने की रागाने, देव जाणे). कापलं मीच, शिवलं मीच, तेही फोन बघत. कोट न्यायला मुख्याध्यापक थेट स्वतःच्या सत्काराच्या दिवशी आले. अंगात घातल्यावर त्यांचे हातच दिसेनात. पुष्पगुच्छ म्हणे त्यांनी कोपरांत धरला. त्या दिवसापासून तिने पेन्सिल खाली ठेवली आणि माझ्याशी बोलणं टाकलं (पहिले दोन दिवस मला ते कळलंच नाही, हेच तिच्या रागाचं खरं कारण). ताई, लग्नाला बावीस वर्षं झाली, पण एवढा मी कधी घाबरलो नव्हतो.

फोन गेल्यावर हात शिवशिवायला लागले. डॉक्टर म्हणाले, सुखाच्या मागे फार धावलं की मन उलट दुःखाकडे कलतं. थोडा त्रास मुद्दाम करून घ्या, रोज थंड पाण्याने आंघोळ करा, तोल सावरेल. केली. पहिल्या तांब्याला जीव गेला, दुसऱ्याला परत आला आणि तिसऱ्याला असं काही छान वाटलं की दुपारीही केली. मग संध्याकाळी. परवा तर एका गिऱ्हाइकाला ट्रायलला उभं करून मी मागच्या मोरीत दिवसातली पाचवी उरकून आलो आणि त्याच्या नव्या शर्टावर ठिबकलो. डॉक्टरांनी तोल म्हटलं होतं, हे तेव्हा आठवलं. आता एकच करतो.

उरलेल्या वेळात काय करू? हिच्याशी बोलतो. दिवसभर. काज-बटणांबद्दल, तिच्या लहानपणाबद्दल, मला पडलेल्या स्वप्नांबद्दल. पेन्सिल तिने पुन्हा हातात घेतलीय, पण काल वैतागून म्हणाली, "फोन होता तेव्हा निदान गप्प तरी बसायचात!" फार लागलं गं मनाला.

तुझा,
भाऊ

ता. क. : तेव्हा केवळ तिच्या सुखासाठी फोन पाठवून दे. दुकानाच्या पत्त्यावर.

ता. क. २ : मंगळवारी पोचेल असं बघ. त्या दिवशी ती माहेरी असते.

ता. क. ३ : वन्सं, ह्यांनी पाकीट चिकटवायला माझ्याकडेच दिलं. फोन पाठवू नका. काल ह्यांनी विचारलं, तू कंटाळलीस का गं? मी दोन तास सांगत बसले, दोन पँटी तशाच पडून राहिल्या. ह्यांच्याशी बडबडायची आता मलाच चटक लागलीय. ह्यांना मात्र कळू देऊ नका.