विटेचा शेक

३ फेब्रुवारी
नानांनी आज तांब्या आईच्या अंगावर फेकला. डाव्या हाताने! नेम चुकला, माझ्या पिंप्राळ्याच्या घरातल्या खिडकीची काच फुटली. उपचारासाठी आईवडील माझ्याकडे आलेत. उजवा हात लुळा पडलाय. फुफ्फुसाच्या वरच्या टोकाला कॅन्सरची गाठ आहे, तिने हाताच्या नसा दाबल्यात. हाच तो हात. धरणगावच्या घरी आईचे दोन दात यानेच पाडले होते.

४ फेब्रुवारी
डॉक्टर म्हणाले, नुसतं कापून भागणार नाही. "आधी शेक देऊ, सोबत केमो. गाठ आकसली की ऑपरेशन. नसा मोकळ्या झाल्या तर हातही चालू होईल." शेक म्हणजे रेडिएशन, इथे सगळे तसंच म्हणतात. नाना खूश. आईने त्यांच्या उजव्या हाताकडे पाहिलं.

१९ फेब्रुवारी
मशीनजवळच्या मुलाला आईने विचारलं, "भाऊ, चटका लागत नही का?" तो हसला. "मावशी, यात तापत काहीच नाही. उलट त्या जागेला गरम पाणीसुद्धा लावू नका." आई मान डोलवत होती. तिला काय कळलं कुणास ठाऊक!

२१ मार्च
शेक संपले. गाठ निम्मी! आणि घरी येताच, भाजीत मीठ कमी म्हणून, आईच्या पोटात लाथ. "हात बरा व्हवू दे, मंग दखाडसू तुले!"
हा माणूस मेला तर बरं, असं मनात आलं. लिहिलंय. खोडणार नाही.

२ एप्रिल
शाळेत शिकवून घरी आले तर घरात करपल्याचा वास. नाना गोळीच्या गुंगीत पालथे, आणि पाठीवर, शेक दिलेल्या जागेवरच, फडक्यात गुंडाळलेली तापलेली वीट! आई ती दाबून बसलेली. मी वीट भिरकावली, बोटं भाजली. कातडी फडक्याला चिकटून आली. नाना गुरासारखे ओरडले.
"अडाणी! मारून टाकशील त्यांना!"
"शेकच त दिधा," आई म्हणाली.
माझा हात उठला. उजवाच. आईचा ओठ फुटला, रक्त पदरावर. तिने सवयीने पदर तोंडाला लावला.
शी! मी नानांचीच मुलगी.

३ एप्रिल
डॉक्टर भडकले. जखम भरेपर्यंत तिथून कापता येणार नाही. तोवर गाठ पुन्हा वाढली तर सगळंच वाया.

३० एप्रिल
जखम भरली. आज आईची माफी मागितली. ती भाकरी थापत होती, थांबली नाही.
"मशीन तपत नही, माले ठाऊक व्हतं. पन डॉक्टर म्हने, तेस्ना हात चालू व्हई."
ऑपरेशनची तारीख आली आहे. तिला सांगितलेली नाही. नानांनाही नाही.