पांढऱ्या बावट्याखाली

प्रिय रघुनाथ,

चौथी शिकलेल्या बहिणीचं पत्र आहे, चुका काढत बसू नकोस. हर्षाला स्कूटरवरून धारगळला पिटाळते आहे, ती उभी आहे तोवरच वाच. कामाचं आधी. सोमवारी मांद्र्याच्या त्या हॉटेलात कंपनीवाल्यांशी बोलायला जाऊ नकोस. एकटा तर नकोच नको. कौल उजवा झाला म्हणून तू निघालास हे मला ठाऊक आहे. त्याचं मागाहून सांगते, आधी सांगायला हात धजत नाही.

आमच्या मागच्या खोलीत एक म्हातारा अमेरिकन उतरलाय. तिकडचे मूळचे आपाचे नावाचे लोक असतात म्हणे, त्यांतला. आज सकाळी मी दारापुढच्या बाल्कांवात बसून बांगडे साफ करत होते आणि आमची हर्षा त्याला तुझी फुशारकी सांगत होती. मामा तीन महिने डोंगरावर कंपनीच्या यंत्रांपुढे आडवा होतो, पाण्याची झर वाचवतो, आणि काय नि काय. मला वाटलं म्हातारा वाहवा करील.  तो त्यांच्या एका पुढाऱ्याचं सांगू लागला, हर्षा मला मराठीत सांगत गेली.

मांगास कोलोरादास त्याचं नाव. दीडशेवर वर्षं झाली. धिप्पाड माणूस. त्यांच्या डोंगरात सोनं निघालं, खाणवाले घुसले, हा नडला. पण सत्तरीला आला तसा थकला. शिपायांनी पांढरा बावटा दाखवून बोलायला बोलावलं. घरचे सांगत होते जाऊ नको, तरी गेला. धरला. पहारेकऱ्यांनी तापवलेल्या संगिनी पायांना लावल्या, तो उठून ओरडला, तशा गोळ्या घातल्या. कागदावर काय लिहिलं? पळत होता. मुंडकं कापून उकळलं रे त्याचं.  तुझ्याबद्दल काय लिहितील? डोंगरावरून पाय घसरला, एवढंच.

मी विचारलं, मग तुमचं संपलं? म्हातारा हसला. जावई कोचीज पुढे कितीतरी वर्षं लढला म्हणे, आणि आम्ही अजून मांगासचं नाव घेतो. मी म्हटलं, नाव घेऊन काय चाटू, मला भाऊ पाहिजे. एवढं मात्र हर्षाने त्याला सांगितलं नाही.

त्याच झरीवर मी तुला दगडाने घासून न्हाऊ घालायचे, तू गावभर ऐकू जाईल असा बोंबलायचास. झर मलाही हवी आहे. मी काय त्यांच्या बाजूची नाही.

आता कौलाचं. तुझ्याकडे मुलगी जन्मली, तुला सोयर, देवळाची पायरी चढायची नाही. मी दुसऱ्या घरची, मला ते लागत नाही, म्हणून तू मला सातेरीकडे कौल लावायला पाठवलंस. देवीच्या अंगावरची उजवी पाकळी पडली तर बोलायला जायचं, डावी पडली तर नाही. त्याच्या आदल्या दिवशी कंपनीचे दोघे माझ्या बाल्कांवात येऊन बसले होते. चहा प्याले, पाव बुडवून खाल्ला, मला ताई म्हणाले. भावाला पाठवा, केसाला धक्का लागणार नाही. मला खरं वाटलं. तीन महिने तुझ्या काळजीने झोप नाही, वाटलं एकदाचं बोलून मिटवील. गुरवाने गाऱ्हाणं घातलं आणि तोंड मिटायच्या आत पाकळी पडली. डावी, रघुनाथ. गुरवाला म्हटलं, भावाला मीच सांगते. आणि फोनवर तुला सांगितलं, उजवी. हे फोनवर परत घ्यायला माझी जीभ वळेना, म्हणून लिहिलं. देवीच्या नावाने खोटं बोलले, ते माझं मी फेडीन. तू शिव्या घाल, तोंड बघू नकोस, पण सोमवारी घरात बस. त्यांना बोलायचंच असेल तर झरीवर यावं, सगळ्या गावासमोर. वाचलंस की हर्षाकडे नुसतं हो म्हण. मी रस्त्याकडे डोळे लावून बसले आहे.

तू माफ केलंस तरी, नाही केलंस तरी, तुझीच
शेवंतीबाय