विचारलं असतंस तर

ता. ४

चि. लाडोबास, ताईचे अ. उ. आ.

मुलाखतीत झालं नाही एवढंच सांगून तू फोन ठेवून दिलास, म्हणून कागद घेतला. माझ्या अक्षराला हसू नकोस, शाळा किती झालीय ते तुला माहीत आहे. सॉफ्टवेअरची एक नोकरी हुकली तर हुकली. पण आई सांगते, तू आता कुठेच मुलाखत देणार नाहीस. सायकलवरून पडलास की सायकललाच लाथा घालायचास, तसलंच हे.

बाळ गोड आहे. पण दूध पिताना घरघर वाजतं. डॉक्टरीणबाईंनी थेंबांची बाटली दिली, भराभर काहीतरी सांगितलं. मी मान हलवून घरी आले. काय सांगितलं ते देवाला ठाऊक! घरघर थांबत नाही, आणि परत जायची भीती वाटते. अडाणी म्हणतील. तुझ्या मुलाखतीत नक्की काय झालं ते लिही.

काळजीत असलेली,
ताई

ता. ९

ती. ताईस, शि. सा. न. वि. वि.

ऐक तर मग. पार्किंगमध्ये गाडी कुठे लावायची ते सांगणारा प्रोग्राम लिहायला दिला होता. मी अर्धा तास तोंड मिटून खटाखट लिहीत बसलो. छान झाला. मग मुलाखत घेणाऱ्या बाईंनी विचारलं, स्कूटर कुठे लावायच्या? आणि वरचे मजले? मी फक्त मोटारी धरल्या होत्या, तळमजल्यावरच्या!

त्या म्हणाल्या, काम नीटनेटकं आहे, पण विचारलं असतंस तर सांगितलं असतं, आम्ही त्यासाठीच बसलो होतो. मला वाटलं, विचारलं तर याला येत नाही म्हणतील. बाबांचं आठवतं ना, विचारतोस काय, कामाला लाग? आपण दोघंही त्याच शाळेतले. तेव्हा मान हलवणाऱ्या बाई, उद्याच्या उद्या दवाखान्यात जा. मामाचा हुकूम आहे.

भाच्याचा पापा घे. माया पातळ करू नकोस.
तुझा लाडोबा

ता. १३

चि. लाडोबास, अ. उ. आ.

गेले एकदाची दवाखान्यात. कळलं नाही, परत सांगा, असं म्हटलं आणि डोळे मिटून घेतले. बाई रागावल्या नाहीत, उलट खुर्ची पुढे ओढली. घरघर छातीत नाही, चोंदलेल्या नाकात आहे. थेंब दूध पाजायच्या आधी घालायचे, मी मेली नंतर घालत होते! मग मला चेवच चढला. उचकी, शिंका, शी, सगळं विचारून घेतलं. बाहेरची माणसं कुरकुरायला लागली तेव्हा उठले. आता बाळ गटागटा पितं.

आता तुझी पाळी. त्याच ऑफिसात फोन कर, पुन्हा कधी येऊ ते विचार. नाही म्हणतील म्हणून घाबरतोस? ते तर म्हणून झालंय की!

आशीर्वाद आहेतच, आणि नाही ऐकलंस तर धपाटेही.
ताई