अक्षताच्या ड्रोनपायी पाहुण्यांपुढं झालेली फजिती

चि. अक्षता हिला जाफराबादहून राधाकिसन मामाचे पोटभर आशीर्वाद. इकडं आम्ही खुशाल. मामीचा गुडघा दुखतो, जीभ ठणठणीत आहे. (फोन ती स्पीकरवर टाकायला लावते, म्हणून हे पत्र.) तुझी तब्येत कशी आहे? डोंगरातल्या चाचणीत बॅटऱ्या गारठून ड्रोन खाली येऊ नये म्हणून तू त्यांच्यावर स्वतःची गोधडी घातलीस, हे तुझ्या आईनं सांगितल्यापासून मी गावभर सांगत सुटलोय. (गोधडी मामीनं शिवलेली, हेही सांगतो. सांगावंच लागतं.)

तर काल अंकुशनगरचे पाहुणे तुझ्या बोलणीला आले. मुलाचं नाव कल्याण, तुझ्यासारखाच पुण्यात नोकरीला, गुणी, कमी बोलणारा. बोलायचं काम त्याच्या आईकडं, सत्यशीलाबाईंकडं. लग्नानंतर नोकरी सोडणार नाही हे आधीच सांगा, असं तू बजावलं होतंस, म्हणून चहाबरोबरच सांगून टाकलं की पोरगी ड्रोनच्या कंपनीत आहे. त्यावर बाई म्हणाल्या, "आमच्या भावकीतलं पोरगं बी ड्रोन उडवतंय, लग्नाच्या शूटिंगला. सुनेनं कशाला फिरायचं दुसऱ्याच्या वरातीत?"

माझं डोकंच फिरलं. मग मी सगळंच सांगितलं. हे ड्रोन सरहद्दीवर टेहळणी करतात. मिट्ट अंधारात, उंच आभाळातून, झुडपात दडलेला माणूस नुसत्या अंगाच्या उबेवरून हुडकतात, आणि तो हुडकणारा डोळा आमची अक्षता बनवते. दुसऱ्या जातीचे तर बॉम्ब घेऊन नेमक्या ठिकाणी जातात, आपल्या जवानाला पुढं जावं लागत नाही. असली यंत्रं पूर्वी बाहेरून आणायची, आता ती आपल्या घरातली पोर घडवते! हे सांगताना ऊर इतका भरून आला की मुलाच्या वडिलांचा, साहेबरावांचा चहा मीच पिऊन टाकला.

पाहुण्यांनी एकदम कप खाली ठेवले. साहेबरावांनी तर दोनदा घाम पुसला. "विचार करून कळवतो," म्हणून जीपमध्ये बसून गेले. पोरीचं जमत आलेलं तुम्ही बॉम्बनं उडवलं, एवढं बोलून मामीनं अबोला धरलाय. खरंच मोडलं असेल तर पोरी, मला माफ कर. पण तुझं काम लपवून लग्न ठरवणं माझ्याच्यानं झालं नसतं. मला तुझा फार अभिमान वाटतो.

तुझा,
राधाकिसन मामा

ता. क. पत्र टाकायला निघालो, तेवढ्यात सत्यशीलाबाईंचा फोन. होकार आहे! अट एकच: "सुनेनं नोकरी बिलकुल सोडायची न्हाई." मग हळूच विचारलं, "आमचे ह्ये रोज उसाच्या वजनकाट्यावर जातो म्हणून जातेत, ते दिवस बुडाल्यावर येतेत. कुठं बसून राह्यलेत, पुण्यावरून दिसंल का ओ?"

ता. क. दुसरा. पाठोपाठ साहेबरावांचा फोन. पत्र्याच्या शेडखालचं दिसतं का, एवढंच त्यांना हवंय. मलाही कळलं तर बरं. उत्तर घरी पाठवू नकोस, मामी टपाल फोडते. एसटी स्टँडसमोर गोरक्षनाथची पानटपरी आहे, त्या पत्त्यावर टाक.