एका बाळासाठी बाटली फोडत नाहीत

बुधवार, संध्याकाळ. चाकण

डोकंच फिरलंय आज. कंपनीतून सुट्टी काढून नऊ महिन्यांच्या ओवीला गोवर-रुबेलाच्या लसीला सरकारी दवाखान्यात नेलं, तर सिस्टर म्हणाल्या, "ताई, एकच बाळ आलंय. बाटली फोडली की उरलेली लस संध्याकाळी फेकावी लागते. अजून बाळं आली की बघू." बाटली समोरच होती, बर्फाच्या डब्यात. आणि माझी सुट्टी वाया जाणार ती? पण भांडणार कुणाशी? त्यांनाही वरून बोलणी बसतात म्हणे.

शेवटी ओवीला कडेवर घेऊन मीच चाळीत दारोदार फिरले. बाळं गोळा करणं हे काय आईचं काम आहे? दोघी आया पोरं घेऊन यायला तयार झाल्या. त्यातली एक कोपऱ्यातल्या खोलीतली मीरा. तेव्हा कुठे बाटली फोडली. वर सिस्टर मीरावरच ओरडल्या, "एवढी मोठी झाली पोरगी, आधी का नाही आणलीस?"

मीरा हळूच म्हणाली, "आणली होती की. एकटीच आले म्हणून तुमीच परत पाठवलं."

मीराला परत पाठवलं त्या दिवशी बाटली वाचली. मीराची पोरगी तेव्हा कडेवर होती. आज तीच सुई टोचून घ्यायला ती स्वतःच्या पायांनी चालत आली.